कार्ड कोणते घेऊ, काका?

गेल्या महिन्यात संध्याकाळचा चहा चालला होता. गल्लीतला एक मुलगा दारात आला. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आहे. हातात मोबाईल, आणि मोबाईलवर कुणीतरी विकायला काढलेल्या जुन्या ग्राफिक्स कार्डाचा फोटो. "काका, तुमच्या घरात पूर्वी मायनिंग केलं होतं म्हणे. आरएक्स ५८० पाच हजाराला मिळतंय. घेऊ की दुसरं बघू? कमी करंट खाणारं कोणतं?"

त्याचा शेवटचा प्रश्न मला आवडला. चार वर्षांपूर्वी आमच्या चिरंजीवांनी हाच प्रश्न सर्वांत शेवटी विचारला होता, तोही सूनबाईने विचारायला लावला म्हणून.

मी संगणकाचा माणूस नव्हे. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत सत्तावीस वर्षे इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघितला. इंडक्शन फर्नेसच्या विजेचा हिशेब माझ्याकडे असे. एक टन बीड वितळवायला साधारण साडेपाचशे ते साडेसहाशे युनिट वीज लागते. भट्टी किती मोठी आहे, नवी आहे की जुनी, हे आमचे मालक कधी विचारत नसत. महिनाअखेरीला एकच विचारत, "टनाला किती पडले?" त्या सवयीचा उपयोग निवृत्तीनंतर घरात होईल असे वाटले नव्हते.

२०२१ सालची गोष्ट. मुलगा बेंगळूरच्या कंपनीत. लॉकडाऊनमुळे घरी येऊन वरच्या खोलीत काम करत होता. त्या खोलीवर तेव्हा पत्रे होते. स्लॅब टाकण्यासाठी आम्ही तीन लाख रुपये बाजूला काढून ठेवले होते. एका रविवारी जेवताना तो म्हणाला, "बाबा, स्लॅब पुढच्या वर्षी टाकूया. त्या पैशात चार ग्राफिक्स कार्डं घेतो. सात-आठ महिन्यांत पैसे परत, पुढचा सगळा फायदा."

हिने ताटातून मान वर केली नाही. सूनबाई धारवाडकडची, कॉलेजात कॉमर्स शिकवते. ती शांतपणे म्हणाली, "मावा, बिल यार कट्टोरु?" घरात मुलाशी ती मराठी बोलते, माझ्याशी मिसळ. पण पैशाचा विषय निघाला की शुद्ध कन्नड!

मग मुलाने मला समजावले. इथेरियम नावाचे आभासी चलन होते. त्याचे व्यवहार नोंदवण्याचा मान कुणाला, हे ठरवायला जगभरची यंत्रे एका कोड्यावर अंदाज मारत बसत. ज्याचा अंदाज लागेल त्याला नवी नाणी. प्रत्येक अंदाजाला हॅश म्हणतात. सेकंदाला दहा लाख अंदाज म्हणजे एक मेगाहॅश. घरगुती यंत्राला एकट्याने नंबर लागणे कठीण, म्हणून हजारो जण एकत्र येऊन पूल करत आणि ज्याने जितके अंदाज मारले त्या प्रमाणात वाटणी होई. बिटकॉइनचेही असेच असते, पण तिथे २०१३ पासून खास त्याच कामाची यंत्रे आली आणि ग्राफिक्स कार्डांचा पत्ता कटला. इथेरियममध्ये कार्डांना जागा राहिली, आणि त्याचे कारण मला फार गमतीचे वाटले.

इथे नुसती आकडेमोड कामाची नव्हती. समजा, एक जाडजूड पुस्तक आहे. प्रत्येक अंदाजासाठी त्या पुस्तकात ६४ ठिकाणी पाने उलटून बघायचे, दर वेळी १२८ बाइट वाचायचे. म्हणजे एका अंदाजाला ८१९२ बाइट. कार्डाचा मेंदू कितीही तल्लख असो, पाने उलटण्याचा वेग जेवढा तेवढेच काम. हा वेग म्हणजे कार्डावरच्या मेमरीचा वेग. आरटीएक्स ३०६० टीआय या कार्डाची मेमरी सेकंदाला ४४८ गिगाबाइट वाचते. त्याला ८१९२ ने भागा, साधारण ५५ मेगाहॅश येतात. मेमरी थोडी ताणली की ६०. कार्ड न बघता कागदावर उत्तर निघते!

आता त्याच्यावरचे कार्ड, आरटीएक्स ३०७०. अमेरिकेत पहिले ३९९ डॉलरला आले होते आणि दुसरे ४९९ला. दुसऱ्यात गणित करणारे गाभे जास्त, ४८६४ च्या जागी ५८८८. पण मेमरी तीच, ४४८ गिगाबाइट. त्यामुळे या कामात दोघांचा वेग जवळजवळ सारखा. शंभर डॉलर जास्त देऊन घेतलेले गाभे नुसते बसून राहणार. आमच्याकडे मोठ्या हॉर्सपॉवरची मोटर छोट्या पंपाला लावण्याचा हा प्रकार. मुलाच्या यादीत चारही कार्डे ३०७० होती. पहिली काट तिथेच मारली.

पुस्तकाची आणखी एक खोड होती. ते दर पाचेक दिवसांनी ८ मेगाबाइटने जाड होई. २०१५ साली एक गिगाबाइटचे होते, २०२० संपता संपता ते चार गिगाबाइटच्या पुढे गेले. ज्या कार्डांची मेमरी चार गिगाबाइटची, त्यांच्या फडताळात पुस्तकच मावेना. २०२१ मध्ये बाजारात चार गिगाबाइटची कार्डे स्वस्तात दाखवत होती ती का, हे त्यावरून कळले. एका विक्रेत्याने मुलाला फोनवर तशी तीन कार्डे गळ्यात मारायचा प्रयत्न केला. "नवीन कंडिशन हाय, बघा की!" कंडिशन नवीनच होती, काम संपले होते.

मग मी माझा जुना प्रश्न काढला. टनाला किती? इथे टन नाही, म्हणून शंभर मेगाहॅशचे माप धरले. शंभर मेगाहॅश दिवसभर चालवायला किती युनिट वीज?

आकडे नीट बसवलेल्या, म्हणजे वीज कमी करून चालवलेल्या कार्डांचे सांगतो. आरएक्स ५८० सुमारे ३० मेगाहॅश देई आणि १३० वॅटच्या आसपास घेई. शंभर मेगाहॅशला दिवसाला साडेदहा युनिट. जीटीएक्स १६६० सुपर ३१ मेगाहॅश, ८० वॅट, म्हणजे सव्वासहा युनिट. सगळ्यात दांडगे आरटीएक्स ३०९० घ्या, सुमारे १२० मेगाहॅश, ३०० वॅट, सहा युनिट. ३०८० साडेपाचच्या थोडे वर. आणि ३०६० टीआय ६० मेगाहॅश, १२५ वॅट, बरोबर पाच युनिट. तेच काम, पण आरएक्स ५८० ला दुपटीहून जास्त वीज. ३०९० तर अमेरिकेतच १४९९ डॉलरचे. वेगात पहिले, किफायतीत मधल्या नंबरचे. मुले वेगाचा आकडा बघून भाळतात.

मुलगा म्हणाला, "बाबा, खोक्यावर ३०६० टीआय २०० वॅट लिहिलंय. १२५ कुठून आले?" मलाही शंका होतीच. त्याच्या स्वतःच्या मशीनमध्ये गेमसाठी घेतलेले १६६० सुपर होते. मी म्हटले, खोके राहू दे, मीटरला विचारू.

घरातले सगळे बंद केले. फ्रीज, इन्व्हर्टर, देवघरातला झिरोचा दिवासुद्धा. हिने पाच मिनिटांत तीन वेळा विचारले, "झालं का?" आमच्या मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो, बहुतेक सगळ्यांच्या मीटरवर असतो. शेजारी छापलेले असते की एका युनिटला किती उघडझापी. आमच्यावर ३२००. मुलाने वर मायनिंग सुरू केले, मी खाली स्टूल टाकून घड्याळ लावून बसलो. दहा मिनिटांत ११० उघडझापी. म्हणजे सगळे मशीन मिळून दोनशे वॅटच्या थोडे वर. वेग २६ मेगाहॅश.

मग त्याने सेटिंग बदलले. कार्डाच्या मेंदूचा वेग उतरवला, त्याला मिळणारा व्होल्टेज कमी केला आणि मेमरीचा वेग वाढवला. विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो, हे आम्हा इलेक्ट्रिकलवाल्यांना पाठ. दहा टक्के व्होल्टेज उतरवला तर खर्च दहा नव्हे, एकोणीस टक्के उतरतो. पुन्हा मोजले. ८० उघडझापी, आणि वेग २६ वरून ३१ वर गेलेला! मुलगा जिना उतरून धावत खाली आला. इतक्या वर्षांत माझ्या कामात त्याने पहिल्यांदा रस घेतला असेल.

एक गोष्ट इथे सांगून ठेवतो, कारण पुष्कळ जण फसतात. संगणकाच्या पडद्यावर दिसणारे वॅट आणि भिंतीतून ओढले जाणारे वॅट वेगळे. एएमडीच्या त्या काळच्या कार्डांत पडद्यावर फक्त मुख्य चिपचा आकडा दिसे, मेमरी आणि बाकीचे सोडून. त्यामुळे आरएक्स ५८० वाले "आमचं कार्ड ऐंशीच वॅट घेतं" म्हणून खुशीत असत. शिवाय मशीनचा पॉवर सप्लाय साधा असेल तर शंभरातले वीसेक वॅट त्याच्या उष्णतेतच जातात. चांगला, सोनेरी प्रमाणपत्राचा असेल तर दहाच्या आसपास. टाँग टेस्टर नाहीतर मीटर, यांच्याशिवाय कुणाचे ऐकू नये.

इतके झाल्यावर सूनबाईने वही काढली. लेक्का तिच्याकडे. ऑगस्ट २०२१ मध्ये आम्हाला ३०६० टीआयचा भाव ६८ हजार सांगितला गेला. ६० मेगाहॅशवर त्या दिवसांत रोजचे सव्वातीनशे रुपयांच्या आसपास पडत होते. वीज कर-अधिभारासह हिशेबापुरती सात रुपये युनिट धरली तर कार्डाची रोजची वीज चोवीस रुपये. चित्र सुंदर होते. पण कार्ड विकणाऱ्या कंपनीने त्यात पाचर मारून ठेवली होती. खेळणाऱ्या मुलांना कार्डे मिळेनाशी झाली म्हणून एनव्हिडियाने फेब्रुवारी २०२१ मध्ये ३०६० आणि मे २०२१ पासून ३०६० टीआय, ३०७०, ३०८० ही नवी कार्डे इथेरियमच्या कामात निम्म्या वेगाची करून टाकली. लाइट हॅश रेट, म्हणजे एलएचआर. कुणीतरी सॉफ्टवेअरने ती गाठ थोडी सोडवली, ऑगस्टपर्यंत सत्तर टक्के वेग परत मिळू लागला होता. म्हणजे आमच्या हातात ६० नव्हे, ४२ मेगाहॅश. सात-आठ महिन्यांचे अकरा महिने झाले, तेही भाव जागच्या जागी राहिला तर.

"आणि इथेरियमवाले मायनिंगच बंद करणार म्हणतायत ना? कधी?" सूनबाईने विचारले. मुलगा म्हणाला, "ते किती वर्षं म्हणतायत, होत नाही." ती म्हणाली, "होत नाही म्हणून लिहून देतोस?"

त्या रात्री दोघांचे बोलणे बंद होते. जिन्यावरून पावले वाजली तेवढीच. मला वाईट वाटत होते. मुलगा काही जुगार खेळत नव्हता. लॉकडाऊनमध्ये त्याच्या दोन मित्रांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, हातात दुसरे काहीतरी असावे एवढीच त्याची धडपड. आणि सून तरी कुणासाठी बोलत होती? सकाळी हिने निकाल दिला. स्लॅबचे पैसे तसेच राहतील. त्यातून एका कार्डापुरते घे. एकच. परत दिलेस तर आनंद, नाही दिलेस तर तुझ्या दिवाळीत धरू.

सप्टेंबर २०२१ पासून ते एक नवे कार्ड आणि जुने १६६० सुपर एकाच मशीनमध्ये रात्रंदिवस चालले. दिवसाला सात युनिट. आमचे महिन्याचे ११० युनिटचे बिल ३२० वर गेले. बिल वाचायला येणाऱ्या मुलाने "एसी घेतला का?" म्हणून विचारले. एप्रिलमध्ये पत्र्याखाली अशी भट्टी झाली की दुपारी तीन तास मशीन बंद ठेवावे लागे, कारण वर मुलालाही बसवेना. हे तास कुणाच्या तक्त्यात नसतात.

२०२२ उजाडले आणि उत्पन्न उतरू लागले. भाव पडला, आणि जगभर कार्डे वाढल्यामुळे वाटणीही बारीक झाली. मे महिन्यात एलएचआरची गाठ पूर्ण सुटली, ४२ चे ६० झाले, पण जूनमध्ये त्या ६० ना दिवसाला सत्तर-पंचाहत्तर रुपयेच मिळत होते. मुलाच्या एका मित्राने सहा आरएक्स ५८० जुनी घेतली होती. चांगल्या दिवसांत तो आम्हाला हसत असे, आणि त्याचे चूकही नव्हते. रोज आठशेच्या वर मिळत असताना दीडशे रुपयांची वीज कोण बघतो? कमी वीज खाणाऱ्या कार्डाची किंमत वाईट दिवसांत कळते. जूनमध्ये त्याच्या मिळकतीतले शंभरातले सत्तरेक रुपये विजेत जाऊ लागले, आमच्या नव्या कार्डाचे तीस-पस्तीस.

त्यातच एप्रिल २०२२ पासून आभासी चलनाच्या नफ्यावर ३० टक्के कर आला, जुलैपासून विक्रीवर एक टक्का कापून घेणे सुरू झाले. खरेदीची किंमत सोडून दुसरा कोणताही खर्च त्यातून वजा होत नाही. मायनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्चही खरेदीची किंमत म्हणून धरला जाणार नाही, हे सरकारने मार्च २०२२ मध्ये संसदेत सांगितले. म्हणजे विजेचे बिल आपण भरायचे आणि कर मात्र पूर्ण मिळकतीवर. सूनबाईने हे वाचून दाखवले तेव्हा मुलगा गप्प बसला.

१५ सप्टेंबर २०२२, गुरुवार. दुपारी बाराच्या सुमारास इथेरियमने आपली पद्धत बदलली. अंदाज मारण्याऐवजी ठेव ठेवणाऱ्यांकडे नोंदीचे काम गेले. त्या चलनाचा वीजवापर एका क्षणात ९९.९ टक्क्यांहून जास्त घटला. जगातल्या लाखो कार्डांचे काम त्या दुपारी संपले, पाच युनिटवाल्यांचे आणि साडेदहावाल्यांचेही. दुसऱ्या छोट्या चलनांकडे सगळे एकदम वळले आणि तिथे वाटणी इतकी झाली की मिळकत विजेच्या बिलाखाली गेली. मुलाने दोन दिवस बघितले, तिसऱ्या दिवशी मशीन बंद केले. इतक्या महिन्यांनी पंख्यांचा आवाज थांबला तेव्हा हिला रात्री झोपच येईना!

हिशेब असा झाला. नाणी विकून आले सुमारे ८४ हजार. वीज १८, कर ६. कार्ड ६८ ला घेतले, २२ ला विकले. हातात राहिले चौदाएक हजार. ऐकायला बरे वाटते, पण सूनबाईने नवे कार्ड वेगळे काढून दाखवले. एकट्या नव्या कार्डात सात-आठ हजारांचा तोटा होता. तो भरून निघाला घरात आधीच असलेल्या जुन्या १६६० सुपरवर, कारण त्याच्यासाठी वेगळे पैसे घातलेच नव्हते. चार कार्डे घेतली असती तर तीसेक हजारांना बसलो असतो, स्लॅब वर्षभर लांबला असता तो वेगळाच. स्लॅब २०२२ च्या डिसेंबरात पडला.

हे सगळे मी त्या मुलाला सांगितले. त्याने विचारले, "पण आता दुसरी कॉइन्स आहेत की काका?" आहेत. पण प्रत्येकाचे पुस्तक वेगळे. कास्पा नावाच्या चलनाला मेमरी लागतच नव्हती, मेंदूचा वेग लागत होता. म्हणजे आमचे सेटिंग तिथे उलटे करावे लागे आणि किफायतीचा तक्ताही उलटा. त्याचीही खास यंत्रे २०२३ मध्ये आली आणि कार्डे बाहेर पडली. आरएक्स ५८० ला आज इथेरियम क्लासिकवर दिवसाला दहा रुपयेही पडत नाहीत.

त्यात आता गृहज्योती आहे. २०२३ पासून घरगुती वीज २०० युनिटपर्यंत मोफत, पण आपल्या २०२२-२३ च्या सरासरीच्या दहा टक्के वरपर्यंतच. त्याच्यावर गेले की वरच्याचे पैसे, आणि दोनशेच्या वर गेले की सगळ्याच युनिटांचे बिल. "तुमच्या घरात किती येतात?" मी विचारले. "एकशेवीस. झिरो बिल असतंय आमचं."

मी त्याला कार्ड घेऊ नको म्हटले नाही. मित्राकडून एका रात्रीपुरते मागून आण, घरातले सगळे बंद कर आणि मीटरच्या दिव्यापुढे दहा मिनिटे बस, एवढेच सांगितले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला आला. चेहरा खुललेला. "काका, तुमच्यात एकशेदहा आलेले ना? आमच्यात छप्पन्नच!"

सूनबाई भाकरी थापत होती. हात न थांबवता तिने विचारले, "तुमच्या मीटरवर काय छापलंय? बत्तीसशे?"

त्याने मोबाईलवरचा फोटो मोठा करून बघितला. "सोळाशे."

तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि तोंडातल्या तोंडात गुणाकार केला. मी विचारले, "एष्टातु?"

"पाच युनिट."

"महिन्याला?" मुलाने विचारले.

"दिवसाला," ती म्हणाली आणि त्याच्यासाठी ताट मांडले.